नॉर्मल

अंबाजोगाईला, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर
इको रूम. खिडकीला काळा कागद.
एसी मशीनसाठी आहे, आपल्यासाठी नाही,
हे लोमटे सरांचं पहिल्या दिवशीचं पहिलं वाक्य.
दुसरं : "आधी नॉर्मल बघा. पाचशे वेळा.
मग बिघाड आपोआप डोळ्याला टोचेल."

नॉर्मल म्हणजे दस्तगीर मामा.
दिवसभर स्ट्रेचर ओढायचे, दुपारी तीनला सदरा काढून
डाव्या कुशीवर आडवे व्हायचे, तोंड भिंतीकडे.
बदल्यात एक चहा, क्रीमरोल मिळाला तर मिळाला.
अठरा वर्षं त्यांच्याच छातीवर
डॉक्टर लोक हृदय बघायला शिकले;
आता कुणी नांदेडला, कुणी हैदराबादला,
दारावर पितळी पाटी.

मला पहिले आठ दिवस नुसतं धुकं.
सुपाएवढा उजेड, त्यात कोंडा पाखडल्यासारखे ठिपके.
प्रोब दाबायचो, फासळी लागायची.
मामा भिंतीशी बोलल्यासारखे बोलायचे :
"डाक्टरसाब, येवढं दाबू नका. बोटभर खाली या.
मी श्वास सोडायलो. हां. आता बघा."
आणि चारही कप्पे एकदम वर यायचे,
झडपा चुटक्या वाजवत.

"कसाय?" ते विचारायचे, पाठ न वळवता.
"नॉर्मल, मामा."
"मग चहा सांगा."

सतरा भाग असतात डाव्या कप्प्याच्या भिंतीचे.
सतराही एकदम आत यायला हवेत,
येताना जाडही व्हायला हवेत.
सर म्हणायचे, नुसत्या हलण्यावर जाऊ नका,
शेजारी ओढतो म्हणूनही माणूस हलतो.
जाडी बघा.

मार्चमधल्या एका मंगळवारी खालचा एक तुकडा
जाड झाला नाही.
कोन बदलला. जेल अजून घेतलं.
आपलंच चुकत असणार, ही सवय लागलेली असते.
पुन्हा बघितलं. शेजारचे तुकडे त्याला नेत होते,
वरातीत दमलेल्या म्हाताऱ्याला
दोन्ही काखांत धरून न्यावं तसे.
रिपोर्टात 'नॉर्मल' आधीच टाइप केलेलं.
मामांच्या नावापुढचं ते कुणी कधी खोडलंच नव्हतं.

"कसाय?"
मशीनचा पंखा तेवढा घुमत राहिला.
"येवढा येळ कामून लागायला?"

सर मागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.
न विचारता त्यांनी प्रोब माझ्या हातातून घेतला.
बराच वेळ बघत बसले.
"मामा, छातीत कधी दुखलं होतं?"
"दुखलं न्हाई. गुदस्ता पोळ्याला ॲसिडिटी झालती,
दोन दिवस. सोडा प्यालो."

पोळा ऑगस्टात.
माझी बॅच ऑक्टोबरची.

रात्री जुन्या क्लिपा काढल्या.
नोव्हेंबर. डिसेंबर. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची.
तो तुकडा प्रत्येकीत तसाच, काखेत धरलेला.
खाली माझी सही.
सहा महिने मी जे नॉर्मल म्हणून पाठ केलं,
ते हे होतं.
सरांना सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले,
"मी तर मामांकडे बघायचंच सोडलं होतं."
आणि मामांना आयसीसीयूत न्यायला
स्वतः स्ट्रेचरला हात लावला.
ते तेवढ्यातही सांगत होते,
"डावं चाक अडकतंय साहेब, जरा उचलून घ्या."

परवा नवी बॅच आली.
सरांनी विचारलं, कोण झोपतंय?
मी शर्टाची बटणं काढली.
जेल एवढं गार असतं
हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
समोर भिंत. बियाण्याच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर,
त्याच्या कडेला नखानं ओढलेल्या बारीक रेघा,
पाच-पाचच्या जुड्या.
डॉक्टर मोजले असतील? की चहा?

फड मॅडमचा हात थरथरतोय.
"दाबू नका," मी भिंतीला सांगतो,
"बोटभर खाली या. श्वास सोडतोय.
कसाय?"

ती लगेच बोलत नाही.
बरं वाटतं.