पान्याचे टोले

तीन टोले, जरा दम, मग दोन.
वाल्पाराइसोच्या या टेकडीवर
निबाल्दो हे नाव थोड्यांनाच ठाऊक,
पण टाकीवर पाना वाजला
की खिडक्या आपापसात बोलू लागतात:
आला, बेटावरचा आला.

ट्रक खाली. पुढे रस्ता नाही, पायऱ्याच.
एकशे बासष्ट.
गुडघ्यांनी मोजल्यात, मी नुसता हिशेब ठेवतो.
पंधरा किलो गॅस, लोखंडाचं वजन वेगळं
(त्याचे पैसे कुणी देत नाही),
खांद्यावर गोणपाटाची घडी,
आणि पुढे एक पिवळा कुत्रा, कुणाचाच नसलेला,
असा ऐटीत चालतो
जणू टाकी त्यानेच उचललीय.

चव्वेचाळिसाव्या पायरीवर हेर्मिनियाबाई.
"भाव वाढला?"
"वाढला."
मग दोघं मिळून सरकारला नावं ठेवतो,
तेवढ्यात माझा श्वास जागेवर येतो.
बाईंना भावाशी काही देणंघेणं नव्हतं
हे कळायला मला सहा वर्षं लागली.

ओर्तेन्सियाला ऐकू येत नाही.
तिच्यासाठी जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पाना मारतो.
वर, कठडा संपतो तिथे,
तिचा तळवा आधीच टेकलेला असतो.

कंपनीचा पोरगा आला होता, नव्या टोपीतला.
म्हणाला, वाजवणं बंद करा काका,
आता सगळं फोनवर.
मी म्हटलं, चल वर.
नव्वदाव्या पायरीला तो बसला,
आणि मग फोनचा विषय निघाला नाही.

माझं चिलोए दूर दक्षिणेला.
तिथे घरं चालतात.
हसू नका. जागा बदलायची तर
लोक घरासकट निघतात:
खाली ओंडके, पुढे बैल, दोराला अख्खा गाव.
आमचं घर निघालं तेव्हा मी सात वर्षांचा.
आईने चूल विझवलीच नव्हती.
धुराड्यातून धूर सोडत
घर चिखलातून चाललं होतं बोटीसारखं,
आणि ओढणाऱ्यांना मजुरी म्हणून
फक्त पोटभर जेवण.

इकडे आलो तो एकटा.
ना दोर, ना बैल.
पहिलं वर्षभर लोकांनी
दाराची साखळी न काढता
फटीतून पैसे दिले.

मग जुलैतला तो रविवार.
उत्तरेचा वारा, पाऊस आडवा,
डेपोला कुलूप,
आणि अर्ध्या शिजलेल्या घेवड्याखाली
आमच्याच घरची शेगडी भुक्कन विझली.
दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.
नेल्दा इतकी हसली, इतकी हसली
की भिंतीपलीकडे कळलं,
तिथून वरच्या गल्लीत,
तिथून, देव जाणे कसं, सगळ्या जिन्याला.
मी टोपी तोंडावर ओढून बसलो.
टेकडीभर गॅस पोचवणारा मी!

इतक्यात दारावर
तीन टोले, जरा दम, मग दोन.

हेर्मिनियाबाई. एका हातात पळी,
दुसऱ्यात झाकण लावलेलं पातेलं,
डोक्यावर मेणकापड.
मागे ओर्तेन्सिया, हातात पाव.
त्यांच्या मागे, भिजलेला, तो पिवळा.
"घे," बाई म्हणाल्या, "तुझाच गॅस आहे,
फक्त आमच्या कांद्याचा वास लागलाय त्याला."

मला काही सुचेना.
म्हणून विचारलं, "भाव वाढला?"
"वाढला," बाई म्हणाल्या,
आणि खुर्ची ओढून बसल्या.

सोमवारी सकाळी पातेलं घासलं.
रिकामं भांडं परत देऊ नये, आई सांगायची.
गावाहून बहिणीने पाठवलेले
जांभळे बटाटे त्यात टाकले, चार.
मग वाटलं, पाच.
खांद्यावर टाकी, कोपराला पातेलं,
पाना खिशात अडकलेला, निघेना.

राहू दे म्हटलं.
पहिल्या पायरीवर पाय ठेवला
तर वरून, कुठल्याशा न्हाणीघरातून,
एक पोरगं बादलीवर वाजवत होतं,
तीन, जरा दम, दोन.
चुकत होतं थोडं.