दोन सूत

जूनमध्ये घेतलेली पॅन्ट
संक्रांतीला घोट्याच्या वर गेली.
रेवण म्हणाला, असू दे, मोजे ओढून घेतो.
मोजे कितीसे ओढणार.

मी युनिफॉर्मच्या कारखान्यात, पॅकिंगला.
रोज चारशे पॅन्ट घडी करते,
कंबरेवर कंबर, पायावर पाय,
स्टिकर, पिशवी, खोका.
कुठल्या कुठल्या गावांच्या शाळा
माझ्या हाताखालून निघून जातात.
पण टाका म्हणाल तर
ब्लाउजच्या हुकापलीकडे कधी घातला नाही.

कन्ना चौकातला शिंपी म्हणाला,
साठ रुपये, शनिवारी या.
शनिवारपर्यंत पोरगं आणखी वाढलं तर?
असं म्हणून घरी आले.
खरं म्हणजे साठ रुपये.

दाढीच्या पात्यानं मुडप उसवली.
आतून मैदानाची माती निघाली,
शेंगदाण्याचं लाल साल,
आणि बोटभर निळा,
दुकानातून आणला त्या दिवसाचा.
ना ऊन लागलेलं, ना साबण.
त्याच्यापुढे बाकीची पॅन्ट
एकदम वयस्कर दिसायला लागली.

ओढून ताणून दीड इंच. पाहिजे अडीच.
पट्टी लाव, नरसम्मा ओट्यावरून म्हणाली,
मांडीवरचं सूप न हलवता.

दुसऱ्या दिवशी चिंध्यांच्या पोत्यातून
शकील मास्तरांना विचारून पट्टी घेतली.
निळी नव्हतीच. मरून होती.
जिची सहा महिन्यांची फी
माझ्या वर्षाच्या पगाराएवढी, त्या शाळेची.
आतूनच लागणार ना, मास्तर म्हणाले,
आत कोण बघतंय.

रेवणला खुर्चीवर उभं केलं.
मी खाली, तोंडात टाचण्या.
किती वर्षांनी त्याचा घोटा इतक्या जवळून पाहिला.
सायकलच्या चेनचा जुना व्रण,
आणि केस.
केस कधी आले?
विचारता येईना, तोंडात टाचण्या.
हलू नको, एवढंच दातांमधून.
तो हलत नव्हता.

गाठ काही बसेना.
नरसम्मानं दाखवली, विडीला बांधते तशी,
दोऱ्याकडे न बघता,
नातवाला तेलुगूत रागावता रागावता.
तिच्या दिवसाला हजार गाठी,
माझी एक, तीही सुटली.

आधी धावदोरा, मग मशीन.
मशीनही तिचंच, पट्टा घसरणारं.
चाक उलटं फिरलं, दोरा तुटला,
बॉबिन पलंगाखाली गेली ती
गेल्या वर्षीचं पेन घेऊन बाहेर आली.
साडेदहाला उजवा पाय झाला.
रेवणनं घातला,
तर पाऊल खालून बाहेरच येईना.
पुढचं मागचं एकत्र शिवलं होतं मी.
तो एका पायावर उड्या मारतोय,
मी भिंतीला टेकून हसतेय,
शेजारून कुणीतरी ओरडलं, झोपा आता.
मग पुन्हा पातं.

रात्री दीडला इस्त्री.
जुन्या मुडपीची पांढुरकी रेघ जाईना.
पाणी मारलं, लिंबू चोळलं.
राहिली.
चौकटीवर त्याची उंची
मी कधी खुणेनं मांडली नव्हती.
ही एक रेघ.

सकाळी टेप लावली तर
डावा पाय उजव्यापेक्षा दोन सूत लांब.
आमच्याकडे असला पीस
चेकिंगची वनिता तोंडावर फेकते.
रेवण म्हणाला, डावीकडे जरा वाकून उभा राहीन,
आणि सायकल काढली.

गुडघा वर आला की काठ उलटायचा.
गल्लीच्या वळणापर्यंत
मला मरून दिसत राहिलं,
एकदा या पायाला, एकदा त्या.

आठचं कार्ड. धावतच गेले.
टेबलावर मरूनचाच ढीग होता.
एकेक पाय उलटून
आतला टाका बघत बसले मी,
किती सरळ घालतात बाया.
वनितानं दोनदा हाक मारली.