पान चव्वेचाळीस

उद्यमनगरात सुहेल बागवानच्या टर्निंग शॉपवर,
पोटमाळ्यात,
शनिवारी लेथ थांबला की
तेलकट फळीवर मी नकाशा उलगडतो:
एक विझलेला चंद्र, त्याच्या पोटात तलाव,
तलावात बुडालेलं जहाज,
जहाजात एक देव,
ज्याला फार पूर्वी कुणीतरी तारा जोडता जोडता
अर्ध्यावर सोडून दिलंय.

त्रेचाळीस पानं. आठ महिने.
दिवसा मी फौंड्रीत पंपाच्या बॉडीची ड्रॉइंग काढतो,
रात्री त्याच पेन्सिलीनं
मंत्रावर चालणारी इंजिनं.

फासा सुहेलनं स्वतः पाडलेला, गनमेटलचा,
वीस बाजूंचा, एक बाजू किंचित जड.
तो म्हणतो न्हाई, मी म्हणतो हाय.
दोन वर्षं झाली या भांडणाला.
अभिनंदन मगदूम हुपरीहून येतो, दिवस मावळायच्या आत जेवून,
खिशात अंगठ्याएवढी चांदीची माणसं घेऊन.
त्याचा चोर कुणाला मारत नाही,
कुलपांची माफी मागून ती उघडतो.
प्रणोती सीपीआरची ड्यूटी उतरून थेट;
खेळात ती काचेच्या हाताची वैदू.
धैर्यशीलला तलवार पाहिजे. पेटती.

मी बल्ब घालवला.
मोबाइलचा उजेड कागदी जहाजाखाली सरकवला
आणि आवाज खर्जात नेला:
"काठावर एक नावाडी बसलाय.
पाय सुजलेले. नाव गळकी."
दोन ओळींचा नावाडी.
त्याचं काम एवढंच, यांना पलीकडं सोडायचं
आणि माझं पान उलटायचं.

"गळती कुठनं?" सुहेल म्हणाला.

तीन तास.
नावेतला उपसा पंप उघडला, बुश झिजलेलं निघालं.
अभिनंदननं नावाड्याला आईचं नाव विचारलं,
मी गडबडून म्हणालो, हौसाक्का.
मेलेल्या चंद्रावर हौसाक्का!
हसून हसून फळी हलली, चांदीची माणसं आडवी झाली.
पण नाव राहिलंच.
लढायला कुणी नाही म्हणून धैर्यशीलनं तलवारीच्या आचेवर
बुशला ब्रेझिंग करायचं ठरवलं, फासा टाकला.
एक.
तलवार विझली.
"बघ, जड बाजू," मी म्हणालो.
खाली पाण्यात देवाचा निळा दिवा लुकलुकत राहिला,
कुणी वाकूनसुद्धा बघितलं नाही.
एकतिसाव्या पानावर तो देव एक वाक्य बोलतो.
ते लिहून झाल्यावर मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो होतो.

मग गंगावेशीत, म्हशींच्या शेजारी,
हातात फेसाळ दुधाचे पेले.
अभिनंदन नुसताच उभा.
"लै भारी," धैर्यशील म्हणाला, "पण मारामारी कमी हाय."
"मोटार सिंगल फेज का थ्री फेज, ते लिहीत जा," सुहेल म्हणाला.
"देव झोपला असंल तर," अभिनंदन म्हणाला,
"उठवायचा कशाला?"
प्रणोतीनं दोनदा जांभई दिली.
मी मोजल्या.

रविवारभर वही उघडली नाही.
नावाड्याला पहिल्याच पानावर बुडवायला हवा होता,
असं दाढी करताना आरशाला सांगितलं.

सोमवारी ओतकाम चालू होतं.
लेडल कलली, साच्यांत लाल लोखंड उतरत होतं,
तेवढ्यात खिसा थरथरला. प्रणोती.

नावाडी जेवला का रे?
पाय सुजलेत म्हणालास.
त्याला शुगर असंल, कुणी बघितलीय का?

हातमोजा दातानं ओढून काढला.
फासा माझ्याकडंच राहिला होता, सुहेलला पत्ता नाही.
काळ्या वाळूच्या ढिगावर टाकला,
तो अर्धा रुतला, कुठली बाजू वर ते कळेना.

थांब, मी लिहिलं,
बघून सांगतो.