मांडीवरचा खूर

घोड्याचं तोंड मी शेवटी बघतो.
आधी खूर.
माळेगावच्या जत्रेत, चिंचेखाली माझी ऐरण.
मार्गशीर्षात पहाटे लोखंड इतकं गार
की हातोडा तळव्याला चावतो.

सकाळी उदगीरचा सिकंदर आला, पांढराशुभ्र.
टेम्पोतून उतरला, टेम्पोत गादी अंथरलेली.
खुराला तेल, आतली पुतळी लोण्यासारखी,
एक खडा नाही, ओरखडा नाही.
हलगी कडाडली की हा खाटेवर चढतो,
चारही पाय वीतभर फळीवर गोळा करतो,
मान वाकवतो, लोक नोटा ओवाळतात.
मालक म्हणाले, हलका नाल मार, इब्राहिम,
नाचायचंय त्याला.

दुपारी ठकूबाईची घोडी.
नाव नाही. 'ए बया' म्हटलं की कान हलवते.
बालाघाट उतरून आलेली, पाठीवर घर:
वाघूर, परात, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या,
आणि पोत्यातून डोकं काढून बसलेलं
पहाटेच जन्मलेलं कोकरू.
खूर घासून बशी झालेले.
एका भेगेत बाभळीचा काटा,
इतका जुना की खुराचाच झालेला.
काढू का, म्हटलं.
राहू दे, चालतीय ना, म्हणाली,
आणि बिडी पेटवायला निखारा मागितला.

संध्याकाळी रिंगण रिकामं झालं
तेव्हा तिचा नातू बिरू घोडी आत घेऊन गेला, हौसेनं.
एक फेरा झाला. आपलेच ठसे हुंगून
घोडी थांबली.
निघाल्या जागीच परत येणारी वाट
तिला आयुष्यात कुणी दाखवली नव्हती.
मग दोरीखालून वाकून ती सरळ
उत्तरेला चालू लागली, बिरू लोंबकळत मागं.

तिकडं ओढ्यावर सिकंदर अडलेला.
घोटाभर पाणी, पण हलणारं.
तिघं ओढतायत, तो थरथरतोय, डोळ्यांचं पांढरं दिसतंय.
ही बाजूनं गेली, बघितलंसुद्धा नाही,
दगड चाचपत पलीकडं.

लोक हसले. मी नाही हसलो.
कारण रात्री हलगी लागली,
सिकंदर दोन पायांवर उभा राहिला दिव्यांच्या उजेडात
आणि माझा हातोडा आपोआप खाली ठेवला गेला.
ठकूबाईही उठून आली होती, तोंडाला पदर लावून.

खूर मांडीवर घेतला की
घोडा एक लांब श्वास सोडतो, मग भार देतो.
सकाळीही तसाच दिला, दुपारीही.
गुडघा अजून ठणकतोय.
कुठल्या भारानं, आठवत नाही.