उद्या या

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं माझी लॅब.
दहा बाय बारा. एक इन्क्युबेटर, एक नळ, एक खिडकी.
उघडली की शिंका येतात, म्हणून उघडत नाही.

सकाळी आठला डब्या येतात,
कुणाच्या पिशवीतून, कुणाच्या पदराआडून,
चोरीचा माल आणावा तशा.
"रात्रीचाच कफ हाय वो मॅडम, चालतंय न्हवं?"
चालत नाही. पहाटेचा पाहिजे, खोल खोकून काढलेला.
यल्लव्वा म्हणते कीवु, तुळसाक्का म्हणते पू,
मी फॉर्मवर तिसऱ्याच लिपीत लिहिते.
बोळ्याला वास एकच येतो.

काचेवर थेंब, नखाएवढा पसरायचा.
ज्योतीवरून तीनदा फिरवायची काच,
ओवाळल्यासारखी, पण घाईत.
मग जांभळा. मग आयोडीन. मग स्पिरिट.
इथं हात चुकला तर सगळं खोटं:
राहायचं ते धुऊन जातं, जायचं ते राहतं.
शेवटी लाल.
हुक्केरी सर म्हणायचे, पोरी, रंग त्यांचा नसतोय, आपण देतोय.
धरून कोण ठेवतंय तेवढं बघ.

सतरा वर्षं तेवढंच बघते.
जांभळे, घोसानं बसलेले: गळू, केसतोड,
बिडीचं पान कापताना कात्री लागून चिघळलेलं बोट.
लाल आखूड काड्या: लघवीची जळजळ.
बाया सहा महिने कुणाला सांगत नाहीत.
वखारीत संडास नाही, म्हणून पाणीच पीत नाहीत.
भाजलेल्या जखमेतला एक ताटलीत हिरवा होतो,
वास गोड, पिकल्या द्राक्षांचा.
पहिल्यांदा आला तेव्हा मला भूक लागली होती.
लाज वाटली.
आणि क्षयाची काच वेगळीच रंगवायची;
निळ्यात दोन-तीन लाल, जराशा वाकड्या काड्या
दिसल्या की आधी खुर्ची ओढून बसते.
शंभर जागा मोजते. परत मोजते.

बाकीचे मेंढीच्या रक्तावर पेरते.
रक्त देणारा धनगर विचारतो,
"एवढ्याशाची रक्ती तरी हुतीय काय?"
त्यांना रुजायला एक रात्र लागते,
म्हणून सगळ्यांना सांगते: उद्या या.

इकडं जुन्या दारांवर खडूनं लिहायचे म्हणे,
'नाळे बा', उद्या ये.
रात्री दार वाजवणारी ते वाचायची, परत जायची.
रोज वाचायची. रोज परत.
तिला कन्नड येत असणार.

काल अक्कोळचा सिद्राम आला, नऊ वर्षांचा.
आ कर म्हटलं तर डोळे मिटून घेतले.
आज ताटली उजेडाला धरली:
टाचणीच्या टोकाएवढे ठिपके,
आणि प्रत्येकाभोवती रक्त विरून झालेली खिडकी.
पलीकडं माझी बोटं दिसत होती.
काचेखाली माळ. मण्याला मणी लागलेला.

हीच माळ माझ्या भावाच्या, दौलतच्या, घशात असणार.
कुणी पाहिलीच नाही.
घसाच आहे, हळद-दूध द्या, म्हणाले. घसा बरा झाला.
मग गुडघा सुजला, तो उतरला तर कोपर,
मग छातीत एक झडप
वाऱ्यात कडी न लावलेल्या दारासारखी वाजत राहिली.
दर एकवीस दिवसांनी बेळगाव, इंजेक्शन.
तंबाखूच्या हंगामात दोनदा चुकलं,
नंतर मोजणंच सुटलं.
फोटो लॅबमध्ये लावलेला नाही.

सिद्रामची आई दारात. पायाला तंबाखूची भुकटी.
"उद्या येऊ काय?"
नको. आजच. आत्ता.
डॉक्टरांना फोन केलाय. गोळ्या दहा दिवस,
दोन दिवसांत खेळायला लागला तरी दहा.
"धा?"
दहा.
ती बोटं मोजायला लागली, हळू, अंगठ्यापासून,
ओंदु, एरडु, मूरु,
सातव्यावर अडली, परत पहिल्यापासून.
मीही मनात मोजत होते.
हत्तु म्हणाली तेव्हा
हात धुवायला नळाकडं वळले.