चौदा कूलर

एप्रिल लागला का प्रतापनगरातली चौदा घरं माही.
सायकलच्या कॅरियरवर गवताच्या जाळ्या,
हँडलले पंपाची पिशवी, खिशात पाना.
काल रात्री दहाले टीव्हीवर काहीतरी झालं होतं.
मी नाही पायलं, आमच्या वस्तीत लाईन गेली होती.

पहिल्या घरी डेकाटे काकू:
"हेमराज, तो हिरो असा करंल का रे?
इतका देखणा माणूस. त्याले काय कमी होतं?"
मी मागची जाळी काढली.
आतमंधी सुकलेली पाल, चिमणीच्या काड्या.

घाटोळे साहेब वीज मंडळातून रिटायर.
"पंचनामाच चुकला," म्हणे.
"व्हॅनिटी व्हॅनचं दार आतून लागते का बाहेरून,
हे त्या इन्स्पेक्टरनं पायलंच नाही."
बिलाच्या पाठीवर त्यांनी मले व्हॅन काढून दाखवली.
दार, आरसा, सोफा, पायरी.
माणूस एकही नव्हता त्या चित्रात.

वरच्या खोलीतले दोन पोट्टे:
"एडिटिंग जबरी होतं, भाऊ.
पण एवढ्या रात्री एकटी गेलीच काऊन व्हॅनमंधी?"
मी म्हटलं, कामाले गेली असंन.
"हो, मेकअपच करत होती त्याचा,"
दुसरा म्हणाला, आन् मोबाईल पाहू लागला.

मोहरील वकिलांच्या सूनबाईले
कोर्टातली साडी पटली नाही.
आंबा कलर. त्या रंगात कोणी रडते का?
गावंडे सेठ म्हणाले, सगळं पैशासाठी असते हे,
आन् पंपाचे पन्नास रुपये कमी कर म्हणाले.

दुपारी लिंबाखाली डबा उघडला
तवा सगळा भाग माह्या डोक्यात जोडून झाला होता.
हिरोचं नाव युवान राजे.
त्याच्या गाड्या चार, कुत्र्याचं नाव बॉस्को,
वकील चष्मा पुसतो, मायचा बीपी वाढते.
ती मात्र कोणाच्या घरी 'मेकअपवाली',
कोणाच्या घरी 'ते पोरगी',
कोणाच्या घरी नुसतं 'थे'.

नवव्या घरी इचारलंच.
पोरगं म्हणालं, "असंन काहीतरी.
क वरून होतं वाटते."

बाराव्या घरी कोणी नव्हतं.
तेराव्या घरी झोपले होते.

शेवटचं घर मुळमुले मॅडमचं.
महानगरपालिकेच्या शाळेत होत्या, आता एकट्या.
त्यायनं काहीच म्हटलं नाही.
मीच म्हटलं, मॅडम, कालचा भाग पायला का?

मॅडम कूलरच्या टाकीत पाहत राहिल्या.
मंग म्हणाल्या,
"कोर्टात तिला पाणी दिलं.
हात थरथरत होता, ते दाखवलं.
पण ग्लासचा आवाज नाही आला.
चुकलं त्यांचं.
दातावर वाजतो तो, हेमराज.
पार मागच्या बाकापर्यंत ऐकू जातो."

मी जाळी बसवत होतो. एक खिळा पडला,
तो शोधाले मले जरा जास्तच वेळ लागला.

"नाव शलाका," मॅडम म्हणाल्या.
"दोनदा सांगितलं तिनं.
पहिल्यांदा जज म्हणाला, मोठ्यानं बोला."

बटन दाबलं. पंप आधी कोरडाच घुरघुरला,
मंग पाणी वर चढलं, नव्या गवतावर पसरलं,
वास आला.
मॅडमनं ठरल्यापेक्षा वीस रुपये जास्त दिले.
मी परत कराले गेलो तं म्हणाल्या,
"ठेव. आज रात्री पुढचा भाग आहे.
मी नाही पाहणार.
तू पाहा, आणि उद्या येऊन सांग
तिचं काय झालं."

मी हो म्हटलं.
सायकलवर टांग टाकल्यावर आठवलं,
दहाले आमच्याकडे लाईन राहीन का,
कोणाले माहीत.