अकरा किलो

तीन दिवस बसच्या काचेतून चुनखडीचे डोंगर पाहिले,
सपाट शेतांत एकेकटे उभे,
कुणी हाक मारली म्हणून
गोष्ट अर्धी टाकून उठल्यासारखे.

चौथ्या दिवशी रस्ता संपला.
तिथे ती, पाठीला वेताची करंडी.
आडनाव पान, म्हणाली. याओ. वय बासष्ट.
पान! आणि चहूकडे एवढा चुना.
मला हसू फुटलं. सांगणार कुणाला, कुठल्या भाषेत?
मी हसलो म्हणून तीही हसली.

माझी सॅक तिनं करंडीत घातली.
अकरा किलो: न वाचलेली दोन पुस्तकं धरून.
मी मागून चालत राहिलो,
मोकळे हात कुठे ठेवावेत ते कळेना.

खाचरांना पायऱ्या म्हणावं
तर पाय ठेवायला जागा नाही;
नुसतं पाणी, त्यात पालथं आभाळ.
वळणावर ती थांबली. दमली असेल, वाटलं.
तर करंडीसकट वाकून
बांधातलं खेकड्याचं बीळ तिनं चिखलानं बुजवलं,
वर टाच मारून पाहिली.

खालचं खाचर माझ्या झोपायच्या चटईएवढं.
मुलगी, म्हणाली. डोंगुआन. कारखाना.
मग त्या चटईभर पाण्याकडे बोट:
हे तिचं.

वर पोचल्यावर तिनं पैसे मोजले,
एक नोट फाटकी म्हणून परत दिली.

सॅकला पुढे कितीतरी दिवस
ओल्या आल्याचा वास येत होता.
करंडीत आधी काय होतं,
विचारायचं राहिलं.